उदाहरणातला नंबर

४ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. मागच्या पत्रात तू लिहिलंस, "ठमे, सात वर्षं झाली तुझ्या नोकरीला, पण तू तिथे नक्की काय करतेस हे मला अजून कुणाला सांगता येत नाही. शेजारीण विचारते तेव्हा 'कॉम्प्युटर' म्हणून सुटका करून घेते." तर ऐक. माझं काम माहितीपत्रकं लिहायचं. हे असं चालवा, हे बटण दाबलं की असं होतं, वगैरे. इतके दिवस ती माणसांसाठी लिहायचे आणि एक माणूस ती वाचेल तर शपथ. आता एआय एजंटांसाठी लिहिते. ते मात्र अक्षर न् अक्षर वाचतात, आणि लिहिलंय तस्संच करतात. जन्मात पहिल्यांदा मला मनापासून वाचणारे वाचक मिळाले, तेही बिनहाडामांसाचे!

एजंट म्हणजे न दिसणारा कारकून समज. आमची नऊ ऑफिसं, चार हजार माणसं. कुणाची रजा मंजूर झाली, कुणाची गाडी दारात आडवी लागलीय, असले निरोप आता हे एजंट पोचवणार. पण ते बिचारे कुणालाच ओळखत नाहीत. म्हणून त्यांच्या हातात एक टूल दिलंय, 'यूजर सर्च'. त्याला माणसाचं नाव किंवा कर्मचारी क्रमांक दिला की ते फोन नंबर काढून देतं. हे टूल कसं वापरायचं, त्याचं पान मी लिहितेय. थोडक्यात, टेलिफोन एक्स्चेंजच्या चौकशीच्या टेबलावर बसून तू चौतीस वर्षं जे केलंस, तेच. भाची शेवटी आत्याच्याच वळणावर गेली.

पानात दोन उदाहरणं घालायची आहेत. एक, माणूस सापडल्याचं. त्यासाठी खरा वाटेल असा नंबर हवा होता. मनाचे आकडे ठोकले असते तर तो नेमका कुणा परक्याचा निघाला असता आणि त्याला फुकटचा ताप. म्हणून तुझाच नंबर घातला. नावाच्या जागी 'आत्या'. चालेल ना? दुसरं उदाहरण माणूस न सापडल्याचं. तसं झालं तर एजंटाने थांबायचं आणि ज्याने काम सांगितलं त्याला जाऊन विचारायचं. त्यासाठी यादीत नसलेलं माणूस कुठून आणू? मग माझ्याच खात्याला 'शोधात दाखवू नका' अशी खूण केली आणि स्वतःला शोधलं. उत्तर आलं, "कोणीही सापडले नाही." कागदोपत्री तुझी भाची सध्या अस्तित्वात नाही बरं का. पान पुरं झालं की परत येईन.

पुढच्या आठवड्यात कंपनीची वार्षिक आरोग्य तपासणी. रक्त द्या, श्वास रोखा, छातीचा फोटो काढा. दर वर्षीचं आहे. तुझे कान काय म्हणतात?

तुझी,
ठमी


११ मार्च

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. कान काही म्हणत नाहीत आणि मी म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही. चौतीस वर्षं लोकांनी वापरले, आता दमले. फोनवर बोलायचं सुटलं, पण त्यावर आलेले निरोप वाचता येतात. आणि पत्राचं बरं असतं, तुला ओरडावं लागत नाही.

माझा नंबर खुशाल घाल. एके काळी माझ्या हाताखालून सगळ्या शहराचे नंबर गेले, माझा स्वतःचा मात्र कुठे छापला गेला नाही. घरी फोनच नव्हता ना! आता म्हातारपणी छापून येतोय.

पण तुझ्या त्या कारकुनांना माझ्या तीन गोष्टी सांग. एका नावाची दोन माणसं निघाली तर अंदाज करायचा नाही, विचारायचं. माणूस सापडलं नाही तर सरळ 'नाही सापडलं' म्हणायचं, त्यात लाज कसली? आणि जोडायच्या आधी पलीकडच्याला "आपणच ना?" हे विचारल्याशिवाय जोडायचं नाही. आमच्यात एक नवीन मुलगी लागली होती. कुणीतरी गेल्याचा निरोप होता, नंबर मिळेना, तिने घाईत त्याच आडनावाच्या दुसऱ्या घरी जोडून दिला. त्या घरात दोन तास रडारड. ज्याच्यासाठी ती चालली होती तो संध्याकाळी पिशवी हलवत घरी आला. पुढे वर्षभर आम्ही ती गोष्ट सांगून हसायचो. पण ज्यांच्या घरचं माणूस खरोखर गेलं होतं त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, सगळं आटोपल्यावर. त्यांच्याबद्दल आमच्यातलं कुणी कधी बोललं नाही.

नंबर शोधायला वेळ लागायचा तेव्हा मी म्हणायचे, "लाइन धरून ठेवा, सोडू नका." लोक धरायचे गं. दहा-दहा मिनिटं धरायचे.

खोकला जात नाही म्हणून डॉक्टरांनी मलाही छातीचा फोटो काढायला सांगितलाय. चला, आत्या-भाची दोघी फोटो काढून घेऊ. चांगले आले तर फ्रेम करू.

तुझी आत्या


२१ मार्च

प्रिय आत्या,

पान लागलं! म्हणजे कालपासून नऊही ऑफिसांतले एजंट माझं पान वाचून कामाला लागले. कसं लागलं ते विचारू नकोस. विचारतेस? बरं.

आमच्या वरच्या साहेबांना आम्ही आजचसाहेब म्हणतो, कारण त्यांना जे हवं असतं ते आजच. मी तुझे तिन्ही नियम घालून अडीच पानं लिहिली होती. ते म्हणाले, "बाई, हे कारकून आहेत, यांना कादंबरी नकोय. आणि जिथे तिथे 'थांबा, विचारा' काय लावलंय? आपण हे अडायला आणलेत का? एका पानात बसवा. आजच." बसले कात्री घेऊन. तुझी एका नावाची दोन माणसं गेली, "आपणच ना?" गेलं. न सापडण्याबद्दलचा सगळा परिच्छेद मी एका ओळीत आणला: "कोणी न सापडल्यास उदाहरणाप्रमाणे पुढे जावे." उदाहरणात सगळं होतंच ना. तरीही पान तीन ओळींनी जास्त भरत होतं. संध्याकाळी साहेबांनी स्वतःच काहीतरी उडवून ते बसवलं आणि लावून टाकलं. मी तोवर निघाले होते. एका पानात झालं एवढं खरं.

तपासणी झाली. श्वास रोखा म्हणाले तेव्हा नेमका ठसका लागला, फोटो दोनदा काढावा लागला. तुझा काढलास का?

आता तुला एक काम. एक्स्चेंजमधल्या तुझ्या सगळ्या गोष्टी, नियम, फजित्या एका वहीत लिहून काढ. माझ्या अडीच पानांचं जे झालं ते झालं, तुझ्या वहीला कुणी कात्री लावणार नाही. रोज थोडं थोडं कर. करशील?

तुझी,
ठमी


३० मार्च

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. तू लबाड आहेस. तू दिलेलं काम सुरू झालंय. सांगितलंस त्याप्रमाणे वही केली, शंभर पानी, रेघा मारलेली. रोज एक-दोन तरी होतातच, परवा तर तीन झाली. सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसते आणि जुने दिवस परत आल्यासारखं वाटतं. निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी कुणाला तरी आपला उपयोग होतोय, हे तू न बोलता जमवलंस. मीही जास्त बोलत नाही. पण ठमे, मी खूप खूष आहे.

फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, आठवड्याभरात कळेल. तुझ्या ठसक्याकडे लक्ष दे, सुंठ घे.

तुझी आत्या


८ एप्रिल

प्रिय आत्या,

तू पत्रात चक्क 'खूष' लिहिलंस! ते पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलंय. पण रोज एक-दोनच पानं का? तुझ्याकडे तर पोतंभर गोष्टी आहेत.

इकडे माझी कॉलर ताठ आहे. पान लागल्यापासून एकही एजंट अडलेला नाही. एकही! आधी चाचणीच्या दिवसांत रोज दोन-तीन अडायचे, "माणूस सापडत नाही, काय करू?" विचारत परत यायचे. आता कुणी परत येत नाही. आजचसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. तू जवळ असतीस तर म्हणाली असतीस, "चार हजार माणसांत कुणीच हरवलं नाही? जरा बघ बाई." पण तू जवळ नाहीस, म्हणून मी मिरवून घेते.

ठसका गेला नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढले की धाप लागते. बसून बसून गंज चढलाय, दुसरं काय! तपासणीचा काही निरोप आलेला नाही, म्हणजे सगळं ठीक असणार. काही असलं तर ते लगेच कळवतात. तुझ्या फोटोचं काय झालं?

तुझी,
ठमी


१७ एप्रिल

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. फोटोचं विचारलंस. सगळं ठीक आहे.

सोबतच्या खोक्यात माझा हेडफोन आहे. निवृत्त झाले त्या दिवशी कुणालाही न सांगता पर्समध्ये घालून आणला होता. आयुष्यात केलेली एकुलती एक चोरी, ती तुझ्या हवाली करते. डाव्या कानाची गादी फाटलीय, ती बदलू नकोस. निळी शाल आणि घड्याळही ठेवलंय. घड्याळ चार मिनिटं पुढे असतं, तसंच राहू दे, त्यामुळे मी कधी उशिरा पोचले नाही.

परवा कपाट आवरताना तुझी पहिलीतली पाटी सापडली. तुझी आई गेली त्या वर्षीची. तू त्यावर माझ्या ऑफिसचा नंबर लिहिला होतास, आत्या हवी असली तर फिरवायला. रोज दुपारी शाळेतून आलीस की शेजारच्यांच्या फोनवरून फिरवायचीस आणि काही बोलायची नाहीस. नुसती धरून बसायचीस. मी दुसऱ्या लोकांना नंबर सांगत असायचे आणि तू ऐकत असायचीस. मला त्यासाठी दोनदा समज मिळाली होती, ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून टाकते.

वही पुढच्या महिन्यात तुझ्याकडे पाठवीन. माझ्यामागे काम चालू राहायला हवं. बाकी मजेत. उगाच काळजी करू नकोस, आणि धावत येऊ नकोस.

तुझी आत्या


२३ एप्रिल

प्रिय आत्या,

खोकं मिळालं. हेडफोन डोक्याला लावून आरशासमोर उभी राहिले आणि "लाइन धरून ठेवा" म्हणून पाहिलं. तुझ्यासारखं जमलं नाही.

पण हे काय चालवलंयस? घर आवरणं मी समजू शकते, शालही समजते. पण ते घड्याळ तू आंघोळीलासुद्धा काढायची नाहीस! आणि "माझ्यामागे" म्हणजे काय? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. "सगळं ठीक आहे" एवढं छोटं वाक्य तू जन्मात लिहिलेलं नाहीस. साधी डोकेदुखी असली तरी दीड पान लिहितेस. फोटोत काही निघालंय का? डॉक्टरांचा कागद माझ्याकडे पाठव. नाहीतर येतेच मी, धाप लागली तरी येते.

तुझी,
ठमी


३० एप्रिल

ठमे,

फोनवर तुला निरोप टाकलाय, तो हे पत्र यायच्या आधीच मिळेल. त्यात सगळं मावेना, म्हणून हे.

तुझ्याशी खोटं बोलले. तीन एप्रिलला फोनवर निरोप आला होता. तो तसाच उतरवते: "आपल्या छातीच्या फोटोत काळजी करण्यासारखे आढळले आहे. पंधरा दिवसांच्या आत तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवणे अत्यावश्यक आहे. आरोग्य विभाग. संदर्भ ४४०६." नाव कुणाचंच नव्हतं. मी माझ्या फोटोची वाट बघतच होते. म्हटलं, आली आपली वेळ. एकाहत्तरावं चालू आहे, कापाकापी करून घ्यायची नाही, कुणाला सांगायचं नाही. डॉक्टरकडे गेलेच नाही. जाऊन काय करायचं होतं? तुझ्यासाठी शाल घडी केली, पाटीवरची धूळ झटकली आणि खरं सांगते, मी शांत होते.

काल औषधाच्या दुकानात डॉक्टर भेटले. म्हणाले (कागदावर लिहून दिलं, मला ऐकू येईना), "रिपोर्ट न्यायला का आला नाहीत? सगळं स्वच्छ आहे." मी त्यांना फोन दाखवला. ते म्हणाले, असा निरोप आम्ही पाठवतच नाही, आमचा आरोग्य विभाग वगैरे काही नाही.

ठमे, मी दुकानातच खाली बसले. मला पहिल्यांदा आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. डोक्यात एकच आलं, की मग हा निरोप आहे कुणाचा?

आता दुसरं. तू मला काम दिलं होतंस असं मी समजत होते, ते हे नव्हतं ना? पान लागलं त्या दिवसापासून माझ्या फोनवर तुमच्या ऑफिसचे निरोप येतायत. "आपली रजा मंजूर झाली." "आपली गाडी हलवा." "आपला चष्मा दुसऱ्या मजल्यावर सापडला आहे." मला वाटलं, गोष्टींची वही हे नुसतं निमित्त, चुकलेले निरोप म्हातारीकडे वळवून भाचीने तिला बसल्या जागी काम लावून दिलं. मी प्रत्येकाची नोंद केली आणि प्रत्येकाला उलट लिहिलं, "ही व्यक्ती येथे नाही, कृपया नंबर तपासा." उत्तर यायचं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार." वहीत तेच आहे. त्रेचाळीस निरोप. बेचाळीस राँग नंबर मी पहिल्या नजरेत ओळखले. त्रेचाळिसावा ओळखला नाही, कारण तो माझाच वाटला. "आपणच ना?" हे जगाला विचारत चौतीस वर्षं बसले, आणि स्वतःला एकदा विचारलं नाही.

सत्तावीस दिवस झाले. पंधराची मुदत होती. तुमच्यातलं कुणीतरी जिने चढतंय, हसतंय, काही निरोप नाही म्हणजे सगळं ठीक म्हणतंय. त्याला शोध. ४४०६. आजचसाहेबांना म्हणावं, हे खरोखरच आजच हवंय. सापडलं की मला कळव, मी झोपणार नाही.

आत्या


२ मे

आत्या,

सापडलं.

कसं सांगू हे कळत नाही, म्हणून जसं घडलं तसंच लिहिते.

तुझा निरोप आला तेव्हा मी बैठकीत होते. आजचसाहेब भिंतीवर आकडा दाखवत होते, "अडलेले एजंट: शून्य." मी फोन वाचला. तशीच उठून टेबलाशी आले आणि आधी माझं पान उघडलं. तीन ओळी जास्त होत होत्या ना? साहेबांनी त्या दिवशी दुसरं उदाहरण उडवलं होतं. न सापडल्याचं. पण "कोणी न सापडल्यास उदाहरणाप्रमाणे पुढे जावे" ही माझी ओळ तशीच राहिली. आणि पानावर उदाहरण उरलं एकच, तुझ्या नंबराचं. माणसाने हे वाचलं असतं तर त्याला कळलं असतं. एजंटांनी लिहिलंय तस्संच केलं. ज्याला ज्याला कुणी सापडलं नाही, त्याने त्याने तो निरोप तुला पाठवला आणि "काम पूर्ण" म्हणून खूण केली. म्हणून कुणी अडत नव्हतं. ते वाक्य माझं आहे, आत्या. साहेबांनी उदाहरण काढलं, पण वाक्य माझं.

मग ४४०६ ची नोंद काढली. सगळ्यात वर विभाग असतो. लिहिलं होतं, "डॉक्युमेंटेशन." आमच्या विभागात आम्ही दोघीच. दुसरी माझ्या शेजारी बसून संत्रं सोलत होती. हिला आता कसं सांगू? हिची दोन लहान मुलं. तिने एक फोड माझ्यापुढे केली आणि मी ती घेतलीसुद्धा. मनात वाक्यं जुळवत होते, आधी पाणी देऊ, मग बाहेर नेऊ. फोड हातात धरून खालची ओळ वाचली.

"कर्मचारी शोधत आहे." आणि पुढे माझं नाव, आत्या. माझं पूर्ण नाव आणि माझा क्रमांक.
"कोणीही सापडले नाही."
"उदाहरणाप्रमाणे पुढे जात आहे."
मग तुझा नंबर.
"निरोप पोचला. काम पूर्ण."

मी ते खूप वेळा वाचलं. दुसऱ्या कुणाचं असेल म्हणून क्रमांक गळ्यातल्या ओळखपत्राशी लावून पाहिला. एक एक आकडा. मार्चमध्ये माझ्या खात्याला 'शोधात दाखवू नका' खूण केली होती, ती काढायची राहून गेली. मी शोधात नव्हतेच. मीच स्वतःला नाहीसं केलं आणि मीच तुझा नंबर खाली लिहून ठेवला. कुठल्या वैऱ्यालाही इतकं नेमकं जमलं नसतं. मी हसले, आत्या. शेजारचीने विचारलं, "काय झालं गं?" मी तिला ती नोंद दाखवली. तिनेच मला दवाखान्यात नेलं. तिच्यासाठी मी जुळवून ठेवलेलं सगळं तिने माझ्यासाठी केलं, आधी पाणी दिलं, मग बाहेर नेलं.

डॉक्टरांनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी लावले. मला दिसू नये म्हणून स्क्रीन थोडी वळवली, पण दिसलं. म्हणाले, "निरोप मिळाल्यावर इतके दिवस का थांबलात?" मी सांगितलं, निरोप माझ्या आत्याला मिळाला होता. सोमवारी गाठीचा तुकडा काढून तपासणार. त्याआधी ते काही सांगत नाहीत. उशीर झालाय, एवढंच म्हणाले. फार की थोडा, ते मी विचारलं नाही.

पान काढून टाकलंय. नव्या पानात तुझे तीन नियम जसेच्या तसे घातलेत, आणि अडीच पानांतली एक ओळ कमी करणार नाही असं साहेबांना लिहून दिलं. बाकीच्या बेचाळीस जणांसाठी तुझी वही लागेल. कुणाचे निरोप कुठे गेले याची नीट यादी जगात तेवढी एकच आहे.

रात्री माझ्या खात्यावरची खूण काढली आणि स्वतःला शोधलं. "एक व्यक्ती सापडली." ते वाचून मात्र मी रडले.

मला भीती वाटतेय.

ठमी


४ मे, बसस्टँडवर

ठमे, माझ्या बाळा,

तुझं पत्र सकाळी मिळालं. दुपारची गाडी आहे. हे पत्र इथल्याच पेटीत टाकतेय, ते तुला मिळेल तेव्हा मी तुझ्या खाटेशी बसलेली असेन. तरी लिहिते, कारण समोर बसल्यावर मला एवढं बोलता येणार नाही, आणि तू बोललेलं ऐकू येणार नाही.

महिनाभर तुझा निरोप मी उशाशी ठेवून झोपले. माझा म्हणून मी तो शांतपणे घेतला, त्याच्याशी समेटसुद्धा केला. तुझा म्हणून मला तो घेववत नाही. वाचल्यापासून देवाशी, डॉक्टरशी, त्या मेल्या यंत्राशी भांडतेय, की तो माझाच होता, मी आधी उचलला होता, माझ्याच नावावर राहू द्या. कुणी ऐकत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मी काखेत घेऊन वळसासुद्धा घातला नाही, नुसती बसून राहिले. याबद्दल तू मला काही म्हणू नकोस आणि स्वतःलाही काही म्हणू नकोस. ते नंतर. आपल्याला नंतर भरपूर वेळ असणार आहे, असं मी धरून चाललेय.

वही पिशवीत आहे. घड्याळ तुझ्याकडे आहे, म्हणून दर पाच मिनिटांनी तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाला वेळ विचारतेय, तो वैतागलाय. सोमवारी आत जाताना माझा हेडफोन बरोबर ने. कुणी हसलं तर हसू दे.

आठवतंय ना, शाळेतून येऊन नंबर फिरवायचीस आणि काही न बोलता नुसती धरून बसायचीस? मी कामात असायचे, पण दर वेळी मला माहीत असायचं, पलीकडे तू आहेस. मी ती लाइन एकदाही तोडली नाही.

गाडी लागली. लाइन धरून ठेव, ठमे. सोडू नकोस. मी येतेय.

आत्या